बिनविरोध

आमच्या मंडळात निवडणूक कधी होत नाही. घटनेत ती आहे, गुप्त मतदानाचं कलमसुद्धा आहे, पण ते कुणी वाचलेलं नाही. आमच्याकडे होते ती चाचपणी. अध्यक्षपदासाठी दोन नावं पुढे आली की मंडळाचे एक माजी अध्यक्ष, ज्यांना सगळे काका म्हणतात, वार्षिक सभेच्या आधी घरोघरी फोन लावतात आणि विचारतात, "तुमच्या घराचं काय मत?" ज्याच्या बाजूने जास्त घरं, त्याचं नाव राहतं. दुसऱ्याला समजावून नाव मागे घ्यायला लावतात. सभेत एकच नाव येतं, टाळ्या होतात, निवड बिनविरोध. परदेशात येऊन मराठी माणसं आपसांत भांडली असं दिसायला नको, एवढंच त्यामागचं कारण. मला ही पद्धत कित्येक वर्षं फार सुसंस्कृत वाटायची.

झुइडास या ऑफिसांच्या भागात मी काम करायचो, तिथे माझ्या टीममध्ये एक अमेरिकन होता. कोरोनाच्या पहिल्या वर्षी त्याच्या देशात अध्यक्षपदाची धामधूम चालली होती आणि आम्ही सगळे घरी बसून कॅमेऱ्यासमोर कॉफी पीत होतो. प्रायमरी म्हणजे काय ते त्याने मला तेव्हा समजावलं. खऱ्या लढतीच्या आधी पक्षातल्या पक्षात इच्छुक एकमेकांविरुद्ध उभे राहतात, लोक मतं देतात, शेवटी एक उरतो. मी म्हटलं, आमच्या मंडळात अगदी हेच असतं, फक्त खरी लढत नसते. तो खूप हसला, आणि आपण काहीतरी चतुर बोललो म्हणून मीही खूश झालो.

पुढच्या हिवाळ्यात आमच्याकडे दोन नावं आली.

पहिलं नाव आमच्या उइटहॉर्न गावातलंच, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहणारे गृहस्थ. आमची मुलगी आणि त्यांचा मुलगा एका शाळेत. माणूस गोड. कुणाचा वाढदिवस कधी, कुणाच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी, सगळं लक्षात. आवाज चांगला, पहाडी, सूत्रसंचालन करायला उभे राहिले की सभागृह जिंकत. "आपण सगळे एक कुटुंब आहोत" हे वाक्य ते दर भाषणात म्हणायचे आणि खरं सांगायचं तर ते त्यांना मनापासून वाटत असे. कामाचं मात्र त्यांना वावडं. हॉल बुक करायचं काम घेतलं तर हॉल दुसऱ्याच कुणीतरी बुक करायचं आणि आभार ह्यांचे मानले जायचे. टाळेबंदीत त्यांची योजना होती ऑनलाइन गणेशोत्सवाची: पुण्यातले कलाकार, आठ दिवस आठ कार्यक्रम, घरोघरच्या आरत्या एका पडद्यावर.

दुसरं नाव डेल्फ्टच्या ताईंचं. त्या पीएचडीला आल्या आणि इथेच राहिल्या, एकट्या. पन्नाशीच्या. सायकलला दोन्ही बाजूंना पिशव्या, डोक्याला रुमाल, चेहऱ्यावर कायम घाई. ताईंशी बोलणं म्हणजे परीक्षेला बसणं. "येतोस? हो की नाही? बघू म्हणू नकोस, बघू म्हणजे नाही." माझ्या बायकोचे उकडीचे मोदक त्यांनी एकदा चारचौघांत हातात घेऊन दाबून बघितले आणि म्हणाल्या, "पारी जाड झालीय." जाड झाली होती, ते सोडा. सकाळी सातला मंडळाच्या ग्रुपवर याद्या टाकायच्या आणि साडेसातला विचारायच्या, कुणी वाचल्या. अशा बाईला कोण मत देणार?

पण त्या ऑक्टोबरात एक गोष्ट घडली होती. ऑनलाइन कोजागिरीला सगळे आपापल्या चौकटीत दुधाचे कप घेऊन बसलेले असताना ताईंच्या लक्षात आलं, की डेल्फ्टची एक विद्यार्थिनी दिसत नाही. नुकतीच आलेली, लातूरची, मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सला. वर्ग ऑनलाइन, त्यामुळे विद्यापीठाचं तोंडही नीट न पाहिलेली. दुसऱ्या दिवशी ताई सायकल काढून तिच्या दारात गेल्या. ती नऊ दिवस तापात पडून होती. हाउसआर्ट्सना, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांना, तिने फोन केला होता. त्यांनी नेहमीप्रमाणे पॅरासिटामॉल घेऊन आराम करायला सांगितलं होतं. बाकी कुणालाच तिने काही कळवलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "कुणाला उगीच त्रास कशाला?"

ताईंनी त्या आठवड्यात पाळीपत्रक केलं. एकट्या राहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक घर, आठवड्यातून दोनदा फोन, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. सोबत सूचना. त्यातली एक मला अजून पाठ आहे. "तब्येत कशी आहे असं विचारायचं नाही, सगळे बरी आहे म्हणतात. आज काय खाल्लंस ते विचारायचं." माझ्या वाट्याला दोन नावं आली. एक आइंडहोव्हनचा, त्याला मित्र मुबलक होते आणि तो मलाच कंटाळायचा. दुसरी ही लातूरची. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी पाच.

सुरुवातीला मी कर्तव्य म्हणून फोन करायचो. "आज काय खाल्लंस?" "नूडल्स, काका." "काल?" "कालपण." मग मी बायकोला विचारून तिला भाकरीशिवायचं पिठलं कसं करायचं ते सांगितलं, आणि शुक्रवारी तिने सांगितलं, की गुठळ्या झाल्या पण संपवलं. हळूहळू ती बोलायला लागली. वडील शाळेत क्लार्क होते. त्यांना रोज व्हिडिओ कॉलवर खिडकीबाहेरचा कालवा दाखवावा लागायचा. पाणी एवढं काठोकाठ आणि कुणी भरत कसं नाही, हा त्यांचा रोजचा प्रश्न. मला ते पाच ते सव्वापाच आवडायला लागले होते. माझी स्वतःची मुलगी मी मराठीत काही विचारलं तर डचमध्ये उत्तर देऊन वर निघून जायची. ही मुलगी मला काका म्हणून पिठल्याचं सांगत होती.

ताई अध्यक्षपदाला उभ्या राहिल्या त्या ह्याच पाळीपत्रकासाठी. त्यांनी फोनवर सरळ सांगितलं, "मला हार नकोत. मी एकटी सांगते तेव्हा लोक उपकार केल्यासारखं करतात. अध्यक्ष सांगेल तर करावं लागेल. घरं गळायला लागलीत. चार घरांनी फोन बंद केलेत. हे बंद पडलं तर पुढची मुलगी नवव्या दिवशी पण सापडणार नाही. तुझं घर माझ्याबरोबर आहे का? हो की नाही?"

"हो ताई," मी म्हटलं. "तुम्हीच हव्यात."

मी खोटं बोललो नव्हतो. त्या क्षणी मला तसंच वाटत होतं.

तीन दिवसांनी आम्स्टेल नदीच्या काठी फिरायला गेलो तर दोन गल्ल्यांपलीकडचे गृहस्थ भेटले. दीड मीटर अंतर ठेवून आम्ही बरोबर चाललो. वारा असा, की ओरडून बोलावं लागत होतं. त्यांनी माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली, कुठला गुडघा हे लक्षात ठेवून. मग म्हणाले, "तुमच्यासारख्यांचा पाठिंबा असेल तरच मी उभा राहतो." मी ओरडून म्हटलं, "तुमच्याशिवाय आहे कोण?"

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भांडी लावत होती. "दोघांना हो म्हणालास?"

"तसं स्पष्ट नाही म्हणालो."

"मग कुणाला देणार मत?"

मी तिला माझं मत समजावून सांगितलं. तेव्हा मला ते फार समतोल वाटलं होतं. ताईंचं काम मोठं, पण त्यांना माणसं सांभाळता येत नाहीत. ह्यांना काम येत नाही, पण माणसं सांभाळता येतात. अध्यक्ष म्हणजे शेवटी सगळ्यांना सोबत घेऊन चालणारा हवा. काम काय, कुणीही करतं. बायको म्हणाली, "कुणीही म्हणजे कोण? नाव सांग." मी म्हटलं, तू मोदकांचं विसरून ताईंची बाजू घेतेयस हे कौतुकास्पद आहे. ती म्हणाली, "पारी जाडच झाली होती."

काकांचा चाचपणीचा फोन आला तेव्हा मी दोन मीटिंगांच्या मध्ये होतो. काका फार मऊ बोलतात. कुणाचं नाव घ्या असं म्हणतच नाहीत. "तुमच्या घराचा कल साधारण कुठे आहे?" मी ग्रुपमधल्या बऱ्याच जणांशी बोललो होतो. जो तो म्हणत होता, ताईंचं बरोबर आहे, पण. सगळी घरं त्या 'पण'वर येऊन थांबलेली. तरीही एक नाव घ्यायला काय लागतं? दोन अक्षरं. ताई.

"आमचं काही वेगळं नाही हो काका," मी म्हटलं. "सगळ्यांचं होईल ते आमचं."

"म्हणजे तुमच्या शेजाऱ्यांच्या बाजूने धरतो."

"धरा."

आज मी ह्याची कारणं शोधतो तेव्हा शाळा आठवते, शेजार आठवतो, त्यांनी एकदा दिलेली शिडी आठवते. ही सगळी सांगण्यासारखी कारणं. खरं कारण असं, की ताई अध्यक्ष झाल्या असत्या तर माझ्या वाट्याला दोनाची चार नावं आली असती. मी थकलो होतो. सगळेच थकलो होतो, पण मी माझ्यापुरतं बोलतो.

फेब्रुवारीच्या शेवटी सभा झाली, प्रत्येक जण आपापल्या घरातून. काकांनी सांगितलं, की यंदाही चाचपणी खेळीमेळीत पार पडली, सर्व घरांचा कल एकमुखी दिसला आणि ताईंनी मोठ्या मनाने नाव मागे घेतलं आहे. एकमुखी हा शब्द ऐकून मी ताईंच्या चौकटीकडे बघितलं. त्या कॅमेऱ्याकडे सरळ बघत होत्या. म्हणजे आम्हा सगळ्यांकडे, किंवा कुणाकडेच नाही. माझा माइक बंद होता. तो चालू करून "एकमुखी नाही, आमचं घर ताईंकडे आहे" असं म्हणायला तेव्हाही उशीर झाला नव्हता. टाळ्यांच्या खुणा पडद्यावर उडायला लागल्या.

ताईंनी एकच प्रश्न विचारला. "पाळीपत्रक चालू राहील ना?"

"ताई, ते तर आपलं प्राधान्य आहे," नवे अध्यक्ष म्हणाले. "त्यासाठी आपण उपसमिती नेमूया."

उपसमिती नेमली गेली. तिने ताईंकडून यादी मागून घेतली आणि दोन व्यवस्था नकोत, गोंधळ होतो, असं त्यांना कळवलं. मग एक ऑनलाइन फॉर्म तयार झाला. ज्याला मदत हवी असेल त्याने तो भरावा. सुबक होता फॉर्म, वर मंडळाचं बोधचिन्ह. महिन्याभराने अध्यक्षांनी ग्रुपवर लिहिलं, एकही फॉर्म आलेला नाही, म्हणजे आपली सगळी मुलं सुखरूप आहेत. त्यावर शंभरेक अंगठे पडले. एक माझा.

मी फोन करत होतो, लगेच थांबलो नाही. दोन आठवडे केले. तिसऱ्या मंगळवारी पाचला मीटिंग पडली. शुक्रवारी वाटलं, आता उपसमितीने कुणाला तरी नेमलं असेल, आपण मध्ये कशाला. तिला तसं कळवलंही नाही. मार्चमध्ये ताईंनाच कोरोना झाला आणि दम लागणं काही जाईना असं कानावर आलं. त्यांना कुणी फोन करत होतं का, हे मी विचारलं नाही.

मग एप्रिल आला. तेव्हाचं मी फार लिहू शकत नाही. तिकडून रोज कुणी ना कुणी गेल्याचं कळायचं. माझे धाकटे मामा गेले. ग्रुपवर अध्यक्ष प्रत्येकासाठी श्रद्धांजली लिहायचे, आणि सुरेख लिहायचे. मामांसाठी लिहिलेल्या चार ओळी वाचून मी रडलो, हेही खरं आहे. विमानं बंद झाली. फोन वाजला की मी तो कधी उलटा ठेवायचो, कधी कापून टाकायचो. कुणाचंही काही ऐकायची माझी ताकद उरली नव्हती.

जूनमध्ये ताईंचा फोन आला. मधल्या महिन्यांचा एक शब्द नाही. "शनिवारी तुझी गाडी मोकळी आहे का? हो की नाही?"

डेल्फ्टला गेलो. इमारतीखाली ताई सायकलला धरून उभ्या होत्या, अर्ध्या झालेल्या. लातूरच्या मुलीची खोली महिनाअखेर रिकामी करून द्यायची होती. ती घरी गेली होती आणि परत येणार नव्हती. हे मला तिथे, जिन्याच्या पायथ्याशी कळलं. एप्रिलच्या शेवटी तिचे वडील गेले. आई आणि धाकटी बहीण मागे. गेली तर विमानबंदीत परत येता येत नव्हतं, आणि ती गेली. शिक्षण तिथेच सुटलं.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"ती गेल्यावर. तिच्या शेजारच्या खोलीतल्या मुलीने कळवलं. मी तेव्हा अंथरुणातून उठत नव्हते, माझा फोन बंद असायचा."

दोन जिने चढायला ताईंना चार वेळा थांबावं लागलं. खोली नीटनेटकी होती. भिंतीला टेकवलेली गादी, एक कुकर, पुस्तकांची दोन खोकी, खिडकीत कालवा. मी खोकी खाली नेऊन ठेवली, गादी नेली. वर आलो तेव्हा ताई खुर्चीवर बसून कुकरची शिटी कागदात गुंडाळत होत्या. मला राहवेना. सांगून टाकलं तर मोकळं वाटेल अशी एक हलकट आशा मनात होती.

"ताई, चाचपणीत मी तुमचं नाव सांगितलं नव्हतं."

"माहितीये," त्या म्हणाल्या. "काकांनी मला आकडा सांगितला होता. एकही घर नव्हतं. मग तुझं कुठून असणार?"

"मला वाटलं होतं..."

"मी पडले त्याचं काही नाही रे. मला मत न देण्यासारखी बाई आहेच मी." शिटी कुकरमध्ये ठेवून त्यांनी झाकण लावलं. "पण वडील गेले त्या दिवशी त्या मुलीने घरचे सोडून एकच फोन केला होता. तुला. शेजारणीने सांगितलं. मला वाटलं, तुला माहीत असेल."

मी नाही म्हणालो. असा काही फोन आलाच नव्हता असं ठामपणे म्हणालो, आणि म्हणता म्हणताच खिशातला मोबाइल काढला. तिचं नाव शोधलं. एप्रिलचा शेवटचा मंगळवार होता, पाच वाजून सहा मिनिटं. मी फोन कापला होता. त्याखाली मोबाइलने स्वतःच पाठवलेला निरोप होता, मी मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो. त्या वेळी मीटिंग नव्हती, हे मला आठवत होतं. त्याखाली दोन मिनिटांनी तिचं उत्तर.

"ओके काका. अर्जंट काही नाही."

ते मी त्याच दिवशी वाचलं होतं, आणि वाचून मला बरं वाटलं होतं.